आणि कोरस

आमच्या शाखेत माणसं सहा आणि बंदूक एक. बंदूक सुरक्षारक्षकाची, आणि तो त्या सहांतच धरलेला आहे. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत म्हणून स्वीकारलं, आणि त्या वर्षीच्या एक मेच्या सकाळी ते आपण सहाजणांनी 'कोरसमध्ये' म्हणायचं, असं आमच्या मॅनेजरसाहेबांनी ठरवलं. मोबाईलवर लावून गुपचूप उभं राहण्याची सोय असताना! पण साहेब नुकतेच पुण्याहून बदलून आले होते. पुण्याहून आलेल्या माणसाला शहाद्याच्या उन्हात पहिले दोन महिने काही ना काही सुचत राहतं. मग तोही आमच्यासारखाच पंख्याखालची जागा धरतो.

बसवण्याचं काम माझ्याकडे आलं. माझा आणि संगीताचा संबंध काय, तर मी बी.कॉम. आहे. पण शाखेत कुणीतरी बोलून गेलं होतं, की ह्यांच्या आत्या मुंबईला रेकॉर्डमध्ये गात असत. बँकेत वारसाहक्क लावायला केवढे कागद लागतात, पण गाण्याच्या बाबतीत नुसत्या ऐकीव माहितीवर माझ्या नावानं खातं उघडलं गेलं.

पहिल्या तालमीला कॅशियर काळी चारमध्ये निघाला, सोनं पारखणारे सराफ पांढरी एकमध्ये, आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम राहिले. सुरक्षारक्षक कुठल्याच पट्टीत नव्हता, तो गस्तीवर असल्यासारखा सगळीकडून फिरून येत होता. साहेब म्हणाले, "अहो, असं कसं? आपण लहानपणापासून गणपतीच्या आरत्या एकत्र म्हणतो!" इथेच सगळ्यांची फसगत होते. मराठी माणूस आरती एकत्र म्हणत नाही. तो ती एका वेळी म्हणतो. दोन्हींत काय फरक आहे, ते कळायला मला आत्या मरेपर्यंत वाट बघावी लागली.

आत्या शेवटची अकरा वर्षं ब्राह्मणपुरीला आमच्या घरी होती. गिरगावातल्या चाळीत तिचा संसार झाला. पुढे यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, आणि माझ्या वडलांनी तिला गावी आणली. येताना तिनं एक ट्रंक, एक पितळी डबा आणि एक रेकॉर्ड आणली. पंचेचाळीस आरपीएमची, म्हणजे बशीएवढी. साठाच्या दशकातली. कोणती ते सांगत नाही. त्यावरची कवी, गायिका आणि संगीतकार ही तिन्ही नावं मोठी आहेत. त्यांच्या पंगतीला मी आत्याला बसवलं, तर लोक म्हणतील, बँकवाला आता खोट्या एंट्र्या करू लागला. पण त्या तीन नावांच्या खाली बारीक टाइपात दोन शब्द छापलेले आहेत : 'आणि कोरस'. ह्या दोन शब्दांपैकी 'कोरस' ह्या शब्दाचा एक बारांश म्हणजे आमची आत्या.

मी एकदा तिला विचारलं होतं, "आत्या, ह्यात तुझा आवाज कोणता?"

"तुला वेगळा ऐकू येतोय का कुणाचा?"

"नाही."

"मग बरोबर आहे. तो माझा. ऐकू आला असता, तर दुसऱ्या दिवशी बोलावलं नसतं."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी एक मेच्या निमित्तानं कोरसचा इतिहास चाळायला बसलो. शहाद्याच्या वाचनालयात जे मिळालं ते आणि मोबाईलवर जे मिळालं ते. बँकेच्या माणसाला जुन्या नोंदी चाळण्याची सवय असते. त्यात कुणाचं नाव राहून गेलंय, हे त्याला सगळ्यात आधी दिसतं.

आपल्याकडे कोरसला अस्सल मराठी शब्द आहे, 'झील'. शाहीर डफावर थाप देऊन पुढं गातो आणि मागं तुणतुण्याशेजारचे दोघे-तिघे त्याची ओळ उचलून 'जी जी' करतात, ते झीलकरी. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासानं पोवाडा रचला, तो शिवकालातला सगळ्यात जुना पोवाडा मानतात. खानाचा वध १६५९ चा. ह्या शाहिराला बक्षीस म्हणून घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा मिळाल्याचं पोवाड्यातच नमूद आहे. शाहीर असाच असावा. आपलं बिल आपल्याच कवनात पास करून घेणारा. पण झीलकऱ्यांना काय मिळालं? एक अक्षर नाही. ते घोड्याच्या मागून चालत घरी गेले असावेत, असा माझा अंदाज आहे. शाहिराचं नाव शेवटच्या चौकात येतं आणि ते नाव घेतलं जातं तेव्हाही मागं 'जी जी' करायचं काम झीलकऱ्यांकडेच असतं.

गायक मंडळी साहेबाच्या खुर्चीत बसतात. पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांना मात्र ती खुर्ची मोडून बाकं मांडावीशी वाटली. कुरुंदवाडला १८७२ साली जन्म, लहानपणी फटाक्यानं डोळे अधू, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम. आणि ५ मे १९०१ रोजी थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय. नंदुरबारला बदली झाली म्हणून रडणारे लोक मी पाहिलेत. हा गृहस्थ आपण होऊन लाहोरला गेला. घरंदाज विद्या वर्गात, फळ्यावर, स्वरलिपीत आणून त्यांनी वीस-वीस पोरांच्या तोंडी एकदम दिली. जुन्या बुवांना हे बाटवणंच वाटलं असणार. पण पोरं एका सुरात गाऊ लागली. गांधीजींच्या आश्रमात ज्या रामधुनीनं देश एका आवाजात आणला, तिची चाल विष्णू दिगंबरांच्याच नावावर जमा आहे.

त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात राहिले, 'आश्रम भजनावली' त्यांनी सिद्ध केली, आणि १२ मार्च १९३० ला दांडीला निघालेल्या ७८ जणांत ते होते. म्हणजे हा देश मीठ उचलायला निघाला तेव्हा सोबत एक शास्त्रीय संगीतातला गुरुजी चालत होता. मला ह्यात खास वाटली ती एक बारीक गोष्ट. त्या अठ्ठ्याहत्तरांची नावं त्याच दिवशीच्या 'यंग इंडिया'त छापून आली होती. अगदी यादीवार. गांधीजी जातीचे वाणी, हिशेब पक्का. 'गांधी आणि कोरस' असं त्यांनी छापू दिलं नाही.

रेकॉर्ड कंपन्यांकडे हा गुण नव्हता, पण त्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. १९०२ साली गैसबर्ग नावाचा साहेब कलकत्त्याला यंत्र घेऊन आला तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचं. भोंग्यात तोंड एकच मावतं. बाराजणांनी गायचं म्हणजे एका टेलिफोनवर बारा नातेवाइकांनी एकदम बोलण्यासारखं. त्यात तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. १९२५ च्या सुमारास विजेचं ध्वनिमुद्रण आलं आणि मग कुठे मागच्या रांगेतल्या माणसाला रेकॉर्डच्या खोलीत पाय ठेवता आला. तोवर आपला सगळा कानच एकट्या आवाजाला सरावून गेला होता. आपल्या घरोघरच्या जुन्या रेकॉर्डी काढून पाहा. बुवा, बाई, मास्तर. गायकाचं नाव, रागाचं नाव, संपलं.

पश्चिमेकडे ह्याच्या उलट. तिथे कोरस ही नोकरी आहे, पगाराची. जर्मनीत लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चचा मुलांचा वृंद १२१२ सालापासून गातो आहे. आपले यादव देवगिरीवर होते तेव्हापासून! ह्या वृंदावर १७२३ ते १७५० बाख नावाचा थोर संगीतकार नोकरीला होता, आणि नोकरीतला माणूस करतो तेच त्यानं केलं : १७३० साली नगरपालिकेला तक्रार-अर्ज लिहिला. मला पुरेसे आणि चांगले गाणारे द्या. सोबत त्यानं आपल्या ५४ मुलांचं विवरणपत्र जोडलं. १७ उपयोगाचे, २० अजून तयार न झालेले, १७ अगदी निकामी. मी हे वाचलं आणि खुर्चीतून उठलो. अहो, हे तर आमचं कर्जाचं वर्गीकरण! स्टँडर्ड, सब-स्टँडर्ड आणि डाउटफुल. दर तिमाहीला मी हाच तक्ता भरतो. जगातल्या सर्वश्रेष्ठ संगीतकारांतला एक माणूस आमच्यासारखाच तक्ते भरत होता, आणि वरच्या कचेरीनं त्याचंही ऐकलं नाही असं दिसतं.

आता तिथला वृंद आणि आपली झील ह्यांत एक मूलभूत फरक आहे. तिथे चार तऱ्हेचे आवाज चार वेगळ्या वाटांनी एकाच वेळी जातात आणि तरी भांडण होत नाही. आपण सगळे एकाच वाटेनं जातो आणि तरी होतं. ही चार वाटांची विद्या आपल्या बाजूला आली ती गोव्यातून. पोर्तुगीज काळात तिथे चर्चच्या शाळांमधून पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. शिकवणारा तो 'मेस्त'. ह्या मेस्तांच्या हाताखालून निघालेली पोरं पोटासाठी मुंबईला आली आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. सिनेमाच्या गाण्याला जी मागून भरजरी किनार असते, ती बरीचशी ह्यांनी कागदावर लिहिलेली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्सालविसांनी तर १९५८ साली मुंबईत भारतीय सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून लता मंगेशकर आणि मन्ना डे ह्यांना त्यात गायला लावलं. पुढे त्यांचं नाव एका सिनेमातल्या गमतीच्या गाण्यात आलं आणि तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. निदान त्यांचं नाव तरी आलं.

मुंबईतच १९५६ साली व्हिक्टर परंज्योती ह्यांनी परंज्योती अकादमी कोरस काढला. १९६७ पासून तो कूमी वाडियांनी चालवला आणि परदेशांत गाजवला. गाणारे कोण, तर दिवसा आपापले उद्योग करून संध्याकाळी तालमीला जमणारे लोक. हे वाचून मला फार धीर आला. त्याच दशकात सलील चौधरींचा बाँबे यूथ क्वायर मुंबईत गात होता. लाल बावटा कलापथकाचे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर हे चाळीसच्या दशकापासूनच गिरणगाव दणाणून सोडत होते. तिथे तर पुढं बसलेला अख्खा जमावच झील धरी.

कोरसमुळे राष्ट्रगीताचं पारडं फिरलं, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. 'वंदे मातरम्' की 'जन गण मन', हा वाद स्वातंत्र्यानंतर निघाला तेव्हा एक मुद्दा असा होता, की 'वंदे मातरम्' बँडवर वाजवायला आणि जमावानं गायला अवघड. आळंदीला जन्मलेले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, 'प्रभात'चे संगीतकार, हे ऐकून हट्टाला पेटले. त्यांनी झिंझोटी रागात सगळ्यांना म्हणता येईल अशी चाल बांधली, बँडवर बसवली, दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सभासदांना ऐकवली. मैफल जिंकणारा गवई, आणि आयुष्यातली उमेदीची वर्षं घालवली कशात, तर गळा नसलेल्या माणसाला गाता यावं ह्यात. निकाल २४ जानेवारी १९५० ला लागला तो आपल्याला माहीत आहे. 'जन गण मन' राष्ट्रगीत, 'वंदे मातरम्'ला तेवढाच मान. मास्टर कृष्णरावांचा अर्ज अंशतः मंजूर झाला, असं आम्ही म्हणू.

आणि मग वसंत देसाई. हे नाव आत्या घेई तेव्हा पदर सावरून घेई. कुडाळकडचा माणूस, जन्म १९१२ चा, 'प्रभात'मध्ये पडेल ते काम करत वर आलेला. 'दो आँखें बारह हाथ' १९५७ चा आणि 'गुड्डी' १९७१ चा. दोन्हींतल्या त्यांच्या प्रार्थना देशभरातल्या शाळांनी उचलल्या. सिनेमाचं गाणं मास्तर म्हणू देत नाहीत आणि ही दोन मास्तरच म्हणायला लावतात, ह्यात सगळं आलं. १९६६ साली संयुक्त राष्ट्रांत एम. एस. सुब्बलक्ष्मींनी जी संस्कृत प्रार्थना गायली तिची चालही त्यांचीच. शाळांतल्या हजारो पोरांना एका सुरात उभं करायचा त्यांना नादच होता. १९७४ साली विजया मुळ्यांनी 'एक अनेक और एकता' हा कार्टूनपट काढला. त्यातल्या पोरांच्या गाण्याचे शब्द विनयचंद्र मौद्गल्यांचे. हे विष्णू दिगंबरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन, त्यांचे शिष्य. दिल्लीत १९३९ साली त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. रागदारीवर बांधलेली समूहगीतं गाणारा तिथला वृंद पुढं त्यांचे चिरंजीव मधुप मुद्गल ह्यांनी चालवला. आणि त्या कार्टूनला संगीत वसंत देसायांचं. म्हणजे लाहोरच्या फळ्यावरचा खडू असा फिरत फिरत दूरदर्शनच्या पडद्यावर आला आणि माझ्या पिढीनं ते गाणं शेजाऱ्यांच्या घरी, खिडकीतून, उभ्या-उभ्या पाठ केलं.

आत्या सांगे, स्टुडिओत त्या वेळी सगळं एकदम व्हायचं. गायिका, वाद्यं, कोरस, एकाच वेळी. बाराव्या टेकला कुणी खोकलं, की तेरावा. गायिका चुकली तर 'आणखी एकदा घेऊ या का?' आणि कोरस चुकला तर 'कोण ती?'. एका माइकसमोर अर्धचंद्र करून बाराजणी उभ्या. ज्यांचा आवाज टोकदार त्या मागं. आत्या दुसऱ्या रांगेत तिसरी. स्वर लिहिलेले कागद येत. ज्यांना इंग्रजी खुणा वाचता येत नसत त्यांना कुणी तरी सारेगम करून देई. शिस्त एकच. "शेजारणीचा आवाज आपल्या आवाजापेक्षा जरा जास्त ऐकू आला पाहिजे. तसं झालं, की समजायचं आपण बरोबर गातोय." पैसे दिवसाचे मिळत, ती ते पितळी डब्यात ठेवी. घरी कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण 'सिनेमात जाते' आणि 'कोरसला जाते' ह्यांतला फरक चाळीला कळला नसता.

हा तिचा नियम मी शाखेत लावला. कॅशियरला सांगितलं, सराफांचं ऐका. सराफांना सांगितलं, कॅशियरचं ऐका. दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदाच एकमेकांचं ऐकलं असावं. दोन दिवसांत दोघे कुठल्या तरी तिसऱ्याच पट्टीत भेटले. राज्यगीत एक मिनिट एकेचाळीस सेकंदांचं. एक मेला आम्ही ते एक मिनिट पन्नासमध्ये उरकलं, म्हणजे नऊ सेकंद जास्तीचे गेले, पण कुणी मागं राहिलं नाही. सुरक्षारक्षक नंतर जवळ येऊन म्हणाला, "सायेब, तुमना आवाज काई ऐकू उना नही." मी त्याला चहा पाजला. का पाजला, ते त्याला कळलं नाही.

त्या संध्याकाळी ब्राह्मणपुरीला परत आलो आणि ट्रंकेतली रेकॉर्ड काढली. वाजवायला यंत्र चालू नाही; नुसती हातात धरली. आत्यानं एकदा मला त्या बाराजणींची नावं सांगितली होती. पावसाळ्यात वीज गेली होती, ओट्यावर बसलो होतो आणि ती एकेक करून सांगत होती : ही पहिल्या रांगेत, ती खेतवाडीची, तिला दम होता पण गाताना लागत नसे, एक लग्न होऊन नाशिकला गेली, एकीच्या डब्यात रोज भेंडीच असायची, एकीच्या डब्यात काहीच नसायचं आणि म्हणून सगळ्याजणी तिच्याभोवती बसत. मी म्हणालो, "थांब आत्या, उद्या वहीत लिहूनच घेतो." उद्या शाखेत तपासणीवाले आले. मग कर्जमाफीच्या याद्या आल्या. मग मार्चअखेर आला. दिवसभर मी लोकांची नावं लिहितो; वडलांचं नाव, आडनाव, आधार क्रमांकासकट. पुढच्या दिवाळीच्या आधी आत्या गेली. मला आज त्या सगळ्यांच्या डब्यांतलं आठवतं. नावं आठवत नाहीत.

रेकॉर्डच्या कव्हरावर, जिथे 'आणि कोरस' छापलंय, त्याच्यापुढे मी शाखेच्या पेनानं आत्याचं नाव लिहिलं. माहेरचं लिहावं की सासरचं, ह्यात थोडा वेळ गेला, दोन्ही लिहिलं. मग खाली अकरा ओळी आखल्या. बँकेत एखादी रक्कम जमा होते आणि धनी सापडत नाही, तेव्हा ती आम्ही सस्पेन्स खात्याला ठेवतो, आणि तपासणीवाला दर वर्षी त्यावर बोट ठेवून विचारतो, ह्यांचं काय झालं? खेतवाडीची एवढं मी पहिल्या ओळीत पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.